काल्फचा पूल आणि माउलब्रॉनची शाळा

जर्मनीला जाऊन आलेला मराठी माणूस चार वाक्यांत ओळखू येतो. पहिल्या वाक्यात ऱ्हाइन नदी, दुसऱ्यात कोलोनचे उंच चर्च, तिसऱ्यात म्यूनिक आणि चौथ्यात तिथले रस्ते. पूर्वी पाचवे वाक्य घड्याळाच्या काट्यावर धावणाऱ्या आगगाड्यांविषयी असे. अलीकडे त्या गाड्याही आपल्या गाड्यांसारख्याच रेंगाळू लागल्यामुळे ते वाक्य गळाले आहे. मोठी शहरे पाहावीत, त्यात वावगे काही नाही. पण एखाद्या देशाचा स्वभाव जाणून घ्यायचा तर त्याच्या तालुक्याच्या गावी दोन रात्री मुक्काम करावा. पुणे-मुंबई पाहून महाराष्ट्र पाहिला म्हणणाऱ्याला आपण वाई किंवा पैठण पाहायला सांगतोच की नाही?

असे एक तालुक्याचे गाव नैर्ऋत्य जर्मनीत, ब्लॅक फॉरेस्टच्या उत्तर टोकाला, नागोल्ड नावाच्या लहानशा नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. लिहिताना त्याच्या नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' असतो, बोलताना मात्र म्हणायचे 'काल्फ'. श्टुटगार्टहून हे चाळीसेक किलोमीटर. आसपासची खेडी धरूनही वस्ती पंचवीस हजारांच्या आत. या गावाची आपल्या देशाशी जुनी सोयरीक आहे. शिवाय या खोऱ्यातल्या एका परीक्षेने आणि एका शाळेने मुलांचे जे भले-बुरे केले, त्याची हकीकत मुलांना भल्या पहाटे क्लासला पोचवणाऱ्या प्रत्येक घराने ऐकण्याजोगी आहे.

आमचा भाचा श्टुटगार्टला नोकरीला असतो. तो, त्याची बायको, त्यांचे नऊ वर्षांचे चिरंजीव, सौ. आणि मी असे पाचजण त्याच्या गाडीतून निघालो. चिरंजीव यंदा चौथीत. तिकडे चौथी संपली की मुलांच्या वाटा फुटतात. अभ्यासात हुशार ठरेल त्याला 'गिम्नाझियम'ची वाट, बाकीच्यांना दुसऱ्या शाळा. त्यामुळे चिरंजीवांच्या आईच्या मांडीवर गणिताचे पुस्तक आणि चिरंजीवांची नजर खिडकीबाहेर, अशी आमची सहल सुरू झाली.

काल्फच्या अलीकडे वाइल देर श्टाट नावाचे गाव लागते. गावाला अजून जुना तट आहे आणि चौकात एका दाढीवाल्या गृहस्थाचा बसलेला पुतळा आहे. हा योहानेस केप्लर. ग्रह सूर्याभोवती वर्तुळात नव्हे, लंबवर्तुळात फिरतात हे जगाला सांगणारा ज्योतिषशास्त्रज्ञ २७ डिसेंबर १५७१ रोजी इथे जन्मला. चौकाजवळच्या त्याच्या घरात लहानसे संग्रहालय आहे.

केप्लरच्या बालपणात भाग्याचे असे फार थोडे होते. बाप भाडोत्री शिपाई, लढाया शोधत हिंडणारा. देवीच्या आजाराने मुलाची नजर अधू झालेली. पण १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू उगवला, तेव्हा त्याची आई काटारिना सहा वर्षांच्या पोराला हाताला धरून उंचवट्यावर घेऊन गेली आणि तिने त्याला तो दाखवला. याच बाईवर पुढे, १६१५ साली, चेटकिणीचा आळ आला. म्हातारपणी तिला साखळदंडात ठेवले, छळाची हत्यारे दाखवून कबुलीजबाब मागितला. तिने तो दिला नाही. तोवर सम्राटाचा गणिती झालेला मुलगा लिंझहून धावत आला, त्याने कायद्याची बाजू स्वतः लढवली आणि १६२१ च्या ऑक्टोबरात आईला सोडवले. सुटकेनंतर ती पुरते वर्षही जगली नाही.

अशा घरातला मुलगा शिकला कसा? व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकने १५५६ साली आपल्या राज्यातल्या जुन्या मठांतून शाळा काढल्या होत्या. हुशार मुलांना परीक्षेने निवडायचे, राज्याच्या खर्चाने जेवू-खाऊ घालून शिकवायचे आणि पुढे ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात पाठवून धर्मोपदेशक करायचे, अशी ती योजना. माधुकरी मागून शिकलेल्या पिढ्यांच्या आपल्या देशात अशा योजनेचे मोल वेगळे सांगायला नको. केप्लर याच शिडीने वर चढला. १५८६ ते १५८९ तो माउलब्रॉनच्या शाळेत होता. ती शाळा आम्ही तिसऱ्या दिवशी पाहणार होतो.

"म्हणजे परीक्षेमुळेच तो एवढा मोठा झाला ना?" भाच्याच्या बायकोने चिरंजीवांकडे पाहत विचारले. चिरंजीव पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढत होते.

वाइलहून पुढे काल्फपर्यंत १८७२ साली रेल्वे झाली होती. १९८३ साली तिच्यावरची प्रवासी वाहतूक थांबली आणि रिकाम्या बोगद्यांत वटवाघळांनी बिऱ्हाड केले. पुढे मार्ग पुन्हा सुरू करायचे ठरले, तेव्हा त्यांना हाकलता येईना, कारण कायदा वटवाघळांच्या बाजूने. अखेर दोन बोगद्यांत आडवी भिंत न घालता उभी घालून गाडीला एक कप्पा आणि वटवाघळांना एक कप्पा अशी वाटणी झाली. भाऊबंदकीत मधोमध भिंत घातलेले वाडे आपण पाहिले आहेत, पण आगगाडी आणि वटवाघळे यांच्यातली वाटणी आम्ही पहिल्यांदाच ऐकली. या मार्गाला नाव दिले आहे 'हेर्मान हेसे बान'. बान म्हणजे रेल्वे, आणि हेर्मान हेसे म्हणजे काल्फचा लेखक.

* * *

काल्फचा बाजारचौक उताराचा आहे. दोन्ही बाजूंना लाकडी सांगाड्याची उंच, चिंचोळी घरे. तांबूस-काळ्या तुळया उभ्या, आडव्या, तिरप्या बसवलेल्या आणि मधल्या जागा लिंपून पांढऱ्या केलेल्या. आपल्या कोकणातल्या कुडाच्या भिंतीला चार मजले चढवले आणि वर कौलांचे उंच टोपडे घातले तर जे दिसेल ते हे. खिडक्यांतून लाल जिरेनियमच्या कुंड्या. पाहणाऱ्याला वाटावे, ही घरे अशीच सुखाने म्हातारी झाली. पण काल्फ दोनदा जळाले आहे. तीस वर्षांच्या युद्धात १६३४ साली सम्राटाच्या बाजूच्या फौजांनी ते जाळले आणि १६९२ साली फ्रेंचांनी. आज दिसणारी बहुतेक घरे दुसऱ्या आगीनंतरची. या दोन आगींच्या मधे गावाने पैसाही पुष्कळ मिळवला. १६५० साली इथल्या व्यापाऱ्यांनी लोकरी कापडाची पेढी काढली, ती १७९७ पर्यंत चालली. भोवतालच्या खेड्यांतले विणकर विणत आणि काल्फचे शेठ ते कापड देशोदेशी विकत. जंगलातली मोठमोठी झाडे तराफे बांधून नागोल्डमध्ये सोडत. ती एन्झ, नेकार, ऱ्हाइन अशा नद्या बदलत थेट हॉलंडपर्यंत वाहत जात.

तिसरी आठवण अलीकडची. १९४५ च्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत या गावातल्या एका कारखान्यात सुमारे २०० ज्यू स्त्रियांना कैदी म्हणून राबवले होते. कुंड्यांतल्या फुलांकडे पाहताना हेही ठाऊक असावे.

चौकात, नगरभवनासमोरच्या ६ क्रमांकाच्या घरात, २ जुलै १८७७ रोजी हेर्मान हेसे जन्मला. खाली दुकान आहे, भिंतीवर पाटी आहे. १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा लेखक आपल्याकडे माहीत आहे तो 'सिद्धार्थ' या १९२२ च्या कादंबरीमुळे. ज्यांनी कादंबरी वाचली नसेल त्यांना १९७२ चा शशी कपूर आणि सिमी गरेवाल यांचा चित्रपट आठवेल. त्याला हेमंतकुमारांचे संगीत होते.

चौक उतरून खाली आले की नदीवरचा निकोलाउस पूल लागतो. हा सुमारे १४०० सालचा, तांबड्या दगडाचा. मधोमध पुलाच्या अंगावरच एक चिमुकले देऊळ बसवले आहे, घाटावर एखाद्या ओवरीत गणपती असावा तसे. हेसेला सबंध गावात ही जागा सर्वांत प्रिय होती. २००२ साली, त्याच्या जन्माला १२५ वर्षे झाली तेव्हा, गावाने त्याचा माणसाएवढा ब्राँझचा पुतळा इथेच उभा केला. चौथरा नाही, कठडा नाही. येणारे-जाणारे त्याच्या खांद्याला खांदा लावून जातात. आमच्या चिरंजीवांनी त्याच्याशी उंची मोजून पाहिली.

आता ती सोयरीक सांगतो. हेसेच्या आईचे नाव मारी, आणि तिचा जन्म १८४२ सालचा, मलबारातल्या तलश्शेरीचा. म्हणजे जर्मन भाषेच्या या थोर लेखकाचे आजोळ शब्दशः केरळात होते. आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बाझेल मिशनचे पाद्री. जन्म १८१४, श्टुटगार्टचा. १८३६ साली हिंदुस्थानात आले आणि १८३९ पासून तलश्शेरीला राहिले. आले होते आपला धर्म शिकवायला, पण मलयाळम भाषेने त्यांना असे काही बांधून घेतले की आज केरळात त्यांचे नाव निघते ते पाद्री म्हणून कमी आणि कोशकार म्हणून अधिक. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले. मलयाळममधले पहिले वृत्तपत्र, 'राज्यसमाचारम्', गुंडर्टांनी १८४७ साली तलश्शेरीहून शिळाप्रेसवर छापून काढले. त्यांनी म्हणी जमवल्या, जुने ग्रंथ आणि कागदपत्रे नकलून घेतली, व्याकरण लिहिले. १८५९ मध्ये प्रकृती ढासळल्यामुळे ते परतले आणि पुढे काल्फला स्थायिक झाले. शब्दांचे ओझे त्यांनी बरोबर आणले होते. एका धार्मिक प्रकाशनसंस्थेचा कारभार सांभाळत त्यांनी या डोंगराळ जर्मन गावात बसून मलयाळम-इंग्रजी कोश पुरा केला. तो १८७२ साली मंगळूरला छापला गेला, अकराशेहून अधिक पानांचा. खिडकीबाहेर देवदारांवर बर्फ पडत असताना हा माणूस नारळाच्या, भाताच्या आणि होड्यांच्या शब्दांचे अर्थ लावत होता!

मराठी वाचकाला इथे मोल्सवर्थ आठवल्याशिवाय राहत नाही. कँडीच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्याने मराठीचा कोश १८३१ साली सिद्ध केला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आजही एखाद्या अडलेल्या शब्दासाठी आपण त्याच्याच दारात जातो. अशा कोशांवर एका साहेबाचे नाव असते. ते शब्द ज्यांच्या तोंडून आले त्या शास्त्र्यांची, कारकुनांची, बाजारातल्या बायाबापड्यांची नावे मुखपृष्ठावर नसतात. गुंडर्टांचा कोश चाळताना, आणि आपलाही चाळताना, त्यांना एक नमस्कार करावा.

गुंडर्टांची हस्तलिखिते ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात गेली आणि तिथे फार वर्षे फारशी कोणी उलगडली नाहीत. १९८६ साली स्कारिया झकारिया या मलयाळी संशोधकाने ती धुंडाळली. त्यांत इंग्रजांशी झुंजलेल्या पळश्शी राजाच्या काळचा पत्रव्यवहार निघाला. केरळचा इतिहास केरळला जर्मनीतून परत मिळाला. २०१८ पासून तो संग्रह घरबसल्याही पाहता येतो.

* * *

दुसऱ्या दिवशी हिर्साऊ. काल्फहून नदीच्या काठाकाठाने चालत गेले तरी तासाभरात पोचता येते. आम्ही चालत गेलो. सौ.चे गुडघे कुरकुरले, पण वाट सावलीची होती.

नदीच्या एका काठाला संत आउरेलियसचा जुना मठ आणि पलीकडच्या चढावर संत पेटर आणि पॉल यांचा नवा. हा 'नवा' १०८२ ते १०९१ या काळात बांधलेला! विल्हेल्म नावाचा मठाधिपती इथे १०६९ ते १०९१ होता. त्याने संगीतावर लिहिले, खगोलावर लिहिले आणि साधूंच्या आचाराची अशी कडक शिस्त बसवली की जर्मनीतल्या शंभरावर मठांनी हिर्साऊचा कित्ता गिरवला. इथले चर्च सत्त्याण्णव मीटर लांब होते. १६९२ साली ज्या फ्रेंच फौजांनी काल्फ जाळले त्यांनीच हेही जाळले. उरला एक बुरूज, त्याला 'घुबडाचा बुरूज' म्हणतात. बाकी हिरवळीवर पायाच्या दगडांच्या रांगा आहेत. वेरूळला डोंगर कोरून देऊळ उरले, इथे देऊळ जाऊन त्याचा नकाशा तेवढा उरला.

शेजारी ड्यूकच्या शिकारी महालाचे भग्न अवशेष आहेत. छप्पर गेले, मजले गेले, नुसत्या भिंती आणि खिडक्यांच्या चौकटी. या चार भिंतींच्या आत एक एल्मचे झाड उगवले आणि प्रकाश शोधत छपराच्याही वर गेले. लुडविग ऊलांट या कवीने त्याच्यावर कविता केली, तेव्हापासून ते सगळ्या देशाचे झाड झाले. झाडांच्या एका रोगाने ते वाळले आणि १९८९ साली तोडावे लागले. आज तिथे गेलेला माणूस भिंतींकडे पाहतो आणि मग, झाड नाही हे ठाऊक असूनही, मान वर करून जिथे त्याचा शेंडा असेल तिथे पाहतो. आम्हीही पाहिले.

* * *

तिसऱ्या दिवशी माउलब्रॉन. काल्फपासून पाऊणएक तासाचा गाडीचा रस्ता. हे नाव ऐकल्यापासून सौ. त्याला 'माउली' म्हणत होती. खरा अर्थ तेवढा सात्त्विक नाही. सिस्टर्शियन पंथाचे साधू मठासाठी जागा शोधत होते, तेव्हा त्यांचे खेचर एका झऱ्यापाशी पाणी प्यायला थांबले आणि तिथेच मठ बांधायचे ठरले, अशी आख्यायिका आहे. 'माउल' म्हणजे खेचर आणि 'ब्रॉन' म्हणजे झरा. पालखी जिथे जड झाली तिथे देऊळ बांधणाऱ्या आपल्या लोकांना ही कथा परकी वाटू नये.

मठ ११४७ सालचा. वेशीतून आत शिरले की तट, अंगण, गिरणी, कोठारे, तबेले, चर्च, भोजनशाळा असे एक गावच समोर उभे राहते. आल्प्सच्या उत्तरेला इतका पूर्ण राहिलेला मध्ययुगीन मठ दुसरा नाही म्हणतात. १९९३ पासून हा जागतिक वारसा आहे. साधूंनी इथे तळी खणून आणि पाट काढून पाणी खेळवले, तेही वारशाचाच भाग मानले आहे. चर्चच्या दाराशी 'पॅराडाइस' नावाची देखणी ओसरी आहे, सुमारे १२२० सालची. आतल्या चौकाच्या कडेला कारंज्याचे घर. तीन थाळ्यांतून पाणी एकीतून दुसरीत पडत असते आणि त्याचा आवाज दगडी कमानींतून लांबपर्यंत सोबत करतो. साधूंच्या भोजनशाळेत मधोमध खांबांची एक रांग आहे. एक खांब जाड, एक बारीक, पुन्हा एक जाड, पुन्हा एक बारीक. छत मात्र एकच आहे आणि दोन्ही प्रकारच्या खांबांनी ते आठशे वर्षे तोलून धरले आहे.

पलीकडे शाळा आहे आणि ती आजही चालते. केप्लर इथला. कवी होल्डरलीन १७८६ ते १७८८ इथला. गुंडर्टही १८२७ पासून चार वर्षे इथेच शिकले. आणि १८९१ च्या सप्टेंबरात, आजोबांच्या मागे साठएक वर्षांनी, चौदा वर्षांचा हेर्मान हेसे त्याच दारातून आत आला. त्याने 'लांडएक्झामेन' म्हणजे राज्याची ती निवड परीक्षा पार केली होती. घरात आनंदीआनंद होता. मुलाची वाट आखून झाली होती: इथून ट्यूबिंगेन, तिथून धर्मोपदेशकाची नोकरी, मग पेन्शन. मुलाने मात्र मनाशी ठरवले होते की, होईन तर कवीच होईन.

७ मार्च १८९२. दुपारच्या जेवणानंतर मुलगा वर्गात नव्हता. शोधाशोध झाली. थंडी कडाक्याची, अंगावर ओव्हरकोट नाही, खिशात पैसे नाहीत. ती रात्र त्याने उघड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी गस्तीच्या शिपायाने त्याला परत आणला. शाळेने आठ तास कोठडीची शिक्षा दिली. सोबतच्या मुलांना त्याच्यापासून दूर राहायला सांगण्यात येऊ लागले.

हे सांगत असताना चिरंजीव कारंज्यात हात बुडवून उभे होते. त्यांनी विचारले, "आजोबा, मग घरी त्याला मारलं का?"

नाही, मारले नाही. पुढचा प्रसंग हेसेने स्वतः पुढे लिहून ठेवला आहे. मुलगा घरी आला तेव्हा त्याला आजोबांच्या खोलीत जायला सांगितले. ती खोली पुस्तकांनी भरलेली, कपाटांतून हिंदुस्थानच्या वस्तू ठेवलेल्या, आणि मधे पांढऱ्या दाढीचे आजोबा, घरातले शेवटचे न्यायालय. पोरगा थरथरत उभा राहिला. म्हाताऱ्याने त्याला न्याहाळले, आणि मग हसऱ्या डोळ्यांनी एवढेच म्हटले की, तू म्हणे प्रतिभावंताची छोटी सहल करून आलास! हा शब्द आजोबांच्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतला. शाळेतून पळणाऱ्या मुलांच्या पराक्रमाला त्या काळी मुले आपसांत असेच म्हणत. ज्या माणसाने आयुष्यभर एका परक्या भाषेतल्या शब्दांना नेमके अर्थ शोधले, त्याने नातवाच्या अपराधालाही नेमका शब्द शोधला. बाकी सारे त्याला पळपुटेपणा म्हणत होते.

या एका शब्दाने सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. मेमध्ये मुलाला शाळेतून काढून घ्यावे लागले. त्या उन्हाळ्यात गोष्ट जिवावर बेतली आणि त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत ठेवावे लागले. दुसऱ्या शाळेत घातले, तीही सुटली. एका पुस्तकाच्या दुकानात ठेवले, तिथून तो तीन दिवसांत पळाला. आजोबा १८९३ च्या एप्रिलमध्ये वारले. काल्फमध्ये लोक काय म्हणत असतील ते कोणत्याही गावच्या माणसाला सांगायला नको. एवढा परीक्षेत निवडला गेलेला मुलगा, आणि बघा!

१९०६ साली हेसेची 'चाकाखाली' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिच्यातला मुलगा अशाच गावचा, निवड परीक्षेत सगळ्या राज्यात दुसरा आलेला आणि याच मठातल्या शाळेत दाखल झालेला. वडील, मुख्याध्यापक, पाद्री, सगळे त्याचे भले चिंतणारे. भले चिंतता चिंतताच ते त्याची मासेमारी बंद करतात, पोहणे बंद करतात, सुट्टीतही ग्रीक शिकवतात. तो मुलगा शेवटी नदीत सापडतो. त्याच्याजवळ गुंडर्ट आजोबा नव्हते. लातूर आणि कोटा ही नावे ज्या घरांत रोज घेतली जातात, त्या घरांना ही कादंबरी जर्मन वाटणार नाही.

जेवायला मठाच्याच अंगणात बसलो. इथला प्रसिद्ध पदार्थ माउलटाशेन. उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून साधूंनी मांस पिठाच्या पारीत लपवले, अशी त्याची गोष्ट सांगतात. त्याला २००९ पासून युरोपीय संघाने श्वाबेन प्रांताचा खास पदार्थ म्हणून संरक्षण दिले आहे. आमच्या टेबलावर पालकाच्या सारणाचे आले. सौ.ने एक चाखून पाहिले आणि निकाल दिला, "ही न तळलेली तिखट करंजी आहे. मुरड घालायला मात्र यांना कोणी शिकवलं नाही." चिरंजीवांनी चार खाल्ले. गणिताचे पुस्तक त्या दिवशी गाडीतच राहिले होते, हे मी पाहिले. त्याच्या आईनेही पाहिले असावे, पण ती उठली नाही.

* * *

त्या संध्याकाळी काल्फला पुन्हा पुलावर आलो. पाणी उथळ आणि स्वच्छ होते. हेसेच्या आयुष्याचा पुढचा, कमी ऐकला जाणारा भाग याच गावातला आहे. सगळ्या शाळा संपल्यावर, १८९४ च्या जूनमध्ये, तो काल्फच्या हाइनरिश पेरो यांच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. चर्चच्या मनोऱ्यांवर बसवायची मोठी घड्याळे तिथे तयार होत. कोशकार आजोबांचा, मिशनरी बापाचा मुलगा निळ्या कामकरी पोशाखात उभा राहून दंतचक्रांना कानस मारू लागला. गावाच्या लेखी ही घसरण होती. पण सव्वा वर्षभर लोखंड आणि कानस यांच्या संगतीत त्याचे मन हळूहळू ठिकाणावर आले. १८९५ च्या ऑक्टोबरात तो ट्यूबिंगेनला एका पुस्तकविक्रेत्याकडे लागला, तिथे टिकला आणि लिहू लागला.

१९११ साली तो पूर्वेच्या सफरीवर निघाला. सिलोन, सिंगापूर, सुमात्रा पाहिले, पण हिंदुस्थानच्या भूमीवर त्याचे पाऊल पडले नाही. आईचे जन्मगाव त्याने कधीच पाहिले नाही. त्याचा हिंदुस्थान काल्फमधल्या आजोबांच्या खोलीतलाच राहिला, आणि 'सिद्धार्थ'चा दुसरा भाग त्याने आपला मामेभाऊ विल्हेल्म गुंडर्ट याला अर्पण केला.

त्याची शेवटची मोठी कादंबरी १९४३ ची, 'काचमण्यांचा खेळ'. भविष्यकाळातले थोर विद्वान एक अत्यंत सूक्ष्म, बुद्धिमान खेळ खेळतात, अशी तिची कल्पना आहे. हा खेळ पहिल्यांदा शोधून काढणाऱ्या माणसाला हेसेने एक नाव आणि एक गाव दिले आहे. नाव बास्टियान पेरो, आणि गाव काल्फ. पन्नास वर्षांपूर्वी एका मोडून पडलेल्या पोराच्या हातात ज्याने मुकाट्याने कानस दिली, त्या घड्याळजीचे ऋण त्याने असे फेडले. माउलब्रॉनच्या ज्या शिक्षकांनी कोठडीचा हुकूम काढला त्यांची नावे आज कोणाला सांगता येतील?

पुलावरून निघताना भाच्याची बायको सौ.ला म्हणाली, "मामी, गिम्नाझियमला नाही गेला तर नाही गेला, असं म्हणायला धीर होत नाही हो." सौ. म्हणाली, "म्हणू नकोस. पण तो घरी येईल तेव्हा दार उघडं ठेव." चिरंजीव तोवर पुढे पळाले होते आणि कठड्यावर ओणवे होऊन पाण्यातले मासे मोजत होते. त्यांचा आकडा सतरा झाला होता.